रानाचा बेवड
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "आपल्यातले इंजिनिअर बोलणार, डॉक्टर बोलणार, फौजदार बोलणार. तू शेतीवर बोल." मी विचारलं, "किती वेळ?" म्हणाले, "जेवणाआधीचा." म्हणजे काय ते मी ओळखलं. तेव्हा भुकेल्या माणसांसमोर ज्वारी-बाजरीविषयी बोलायचं, ही माझ्या वाट्याला आलेली परीक्षा आहे.

आधी एक करू. ज्यांच्या नावावर, किंवा आई-वडिलांच्या नावावर, या भागात अजून सातबारा आहे त्यांनी हात वर करा. बघा, पुण्याचे, मुंबईचे, सुरतेचे, सगळ्यांचे हात वर आहेत. आता यातल्या किती जणांना यंदा आपल्या रानात काय पेरलंय ते ठाऊक आहे? हात खाली आले. कुणाला टोचावं म्हणून विचारलं नाही. पुढं मला तुमच्याकडं एक मागणं मागायचं आहे, त्यासाठी हे हात मोजून ठेवले.

आपला हा माणदेश. भूगोलाच्या सरांनी सातवीत फळ्यावर सह्याद्री काढला होता, ढग काढले होते, आणि डोंगराच्या उजव्या बाजूला मोकळी जागा सोडून तिथं लिहिलं होतं 'पर्जन्यछाया'. ती मोकळी जागा म्हणजे आपण. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही सरळ पडत नाही. मृग कोरडा जातो, जुलै-ऑगस्ट नुसता वारा वाहतो, आणि खरा भरवशाचा पाऊस येतो तो उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत. म्हणून आपलं मुख्य पीक रब्बीचं. पेरून झाल्यावर पाऊस यायचा नसतो, जमिनीत जे साठलंय त्यावरच पीक काढायचं असतं. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या उपयोगाचं पाणी साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर साठतं. माळावर वीतभर मातीखाली मुरूम. तिथं त्याच्या पाव हिश्शाइतकंही राहत नाही. पाऊस दोन्हीकडं सारखा पडतो. रान कुठलं, त्यावर सगळं ठरतं.

आपल्या आज्यांना हे शाळेत न जाता ठाऊक होतं. त्यांच्याकडं एक शब्द होता, बेवड. "तुरीचा बेवड चांगला," "करडईचा बेवड कडक," असं म्हणायचे. आधीच्या पिकानं रानात मागं काय ठेवलं आणि काय ओढून नेलं, त्याचा हिशेब म्हणजे बेवड. पुस्तकात त्याला पिकांची फेरपालट म्हणतात. मला बेवड हाच शब्द जास्त आवडतो, कारण त्यात मागच्या पिकाची आठवण आहे.

आमचं एकत्र रान सोळा एकर. त्याचा नकाशा तोंडी सांगतो. ओढ्याकडंला सहा एकर काळी, मध्ये चार एकर मध्यम, आणि वर सहा एकर माळ. काळीचे दोन-दोन एकरांचे तीन तुकडे. एकात हरभरा, दुसऱ्यात ज्वारी, तिसऱ्यात करडई. पुढल्या वर्षी हरभऱ्याच्या जागी ज्वारी, ज्वारीच्या जागी करडई, करडईच्या जागी हरभरा. तीन वर्षांनी चक्र पुरं होतं. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, हे विज्ञानाच्या बाईंनी आपल्याला शिकवलं होतं. त्याचा फायदा मागून येणाऱ्या ज्वारीला होतो. पण एक अट आहे. हरभरा उपटून काढला तर मुळं आणि गाठी सगळं खळ्यावर येतं आणि रानाला फार काही राहत नाही. म्हणून आमच्याकडं हरभरा विळ्यानं कापतात. गडी कुरकुरतात, वाकावं लागतं म्हणून. पण मुळं रानात राहतात. करडईचं सोटमूळ खोल जातं, ज्वारीला न मिळालेलं खालचं पाणी ते ओढतं. म्हणून करडईनंतर रान रिकामं होतं, आणि पुढचा पाऊस बेताचा झाला तर तिच्या जागेवर ज्वारीपेक्षा हरभरा बरा.

मधल्या चार एकरांचे दोन भाग. एकात खरिपाला बाजरी आणि तूर, दोन ओळी बाजरी, एक ओळ तूर. बाजरी ऐंशी-नव्वद दिवसांत निघून जाते, तूर मागं राहते आणि परतीच्या पावसावर पोसते. पाऊस लवकर आला तर बाजरी साधते, उशिरा आला तर तूर. एकाच पावसावर सगळा डाव लावायचा नाही, एवढंच त्यातलं तत्त्व. तुरीचा पाला रानात झडतो, तो फुकटचं खत. पुढल्या वर्षी तिथं रब्बी ज्वारी.

फेरपालटीचा दुसरा फायदा रोगांचा. हलक्या रानात सारखी ज्वारी-ज्वारी केली की टारफुला येतो. दिसायला छोटं फूल, पण ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचंच रक्त पितो. त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. ते उगवतं कधी, तर शेजारी मुळाचा रस पाझरला की. गंमत अशी की काही पिकांच्या मुळाच्या रसानंही ते फसून उगवतं, पण त्या मुळाला त्याला चिकटता येत नाही, मग ते उपाशी मरतं. म्हणून ज्वारीच्या मध्ये द्विदल पीक घेतलं की टारफुल्याचा साठा कमी होत जातो. हरभऱ्याची मरही तशीच. त्या रोगाची बुरशी रानात वर्षानुवर्षं टिकते, त्याच जागी हरभऱ्यावर हरभरा केला की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रान ठिकठिकाणी पिवळं पडतं. त्यावर औषधाची बाटली शोधत फिरण्यापेक्षा जागा बदलणं स्वस्त.

आता वाणांविषयी. आपल्याकडं ज्वारी म्हटलं की मालदांडी. मालदांडी ३५-१ हा निवड वाण १९३० च्या दशकात आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, मोहोळला निवडला गेला. भाकरी गोड, कडबा गोड, म्हणून आजही लोक तो सोडत नाहीत. मीही सोडलेला नाही, पण तो मध्यम रानात ठेवला आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं जमिनीच्या खोलीप्रमाणं वाण दिले आहेत. हलक्या रानाला फुले अनुराधा, फुले माउली; मध्यमला फुले सुचित्रा; भारी काळीला फुले वसुधा, फुले यशोदा. याचं कारण सोपं आहे. हलक्या रानातलं पाणी लवकर संपतं, तेव्हा तिथं लवकर पोसणारा वाण पाहिजे. भारी रानात पाणी उशिरापर्यंत असतं, तिथं लवकरचा वाण लावला तर खालचं पाणी वाया जातं. ऐन दाणा भरताना पाणी संपलं की ताट आतून पोकळ होतं, वाऱ्यानं आडवं पडतं. त्यालाच आपण खडखड्या म्हणतो. रानाची खोली कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पावसानंतर पहार घ्या, चार ठिकाणी खड्डा घ्या, मुरूम किती वितींवर लागतो बघा. एका दुपारचं काम आहे. आणि पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, त्यापुढं नाही. ओल मुहूर्त बघून थांबत नाही.

इथवर पिकांचं झालं. पण माझ्या सोळा एकरांत सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो वरच्या सहा एकर माळानं.

आमच्या माळावर मी लहान असल्यापासून कुसळी गवत. तुम्ही सगळ्यांनी ती कुसळं पायजम्यातून काढली आहेत. पावसाळ्यात ते हिरवं असतं तोवर जनावर खातं. एकदा कुसळ धरलं की मेंढीच्या लोकरीत घुसतं, कातडीत शिरतं, तोंडाला जखमा करतं. म्हणजे वर्षातले दोन महिने चारा, दहा महिने काटा. माळ नांगरून बाजरी केली तर पहिल्या वर्षी येते, दुसऱ्या वर्षी निम्मी, तिसऱ्या वर्षी वळवाच्या पावसात माती ओढ्याला. आमच्या ओढ्यात आज जो गाळ आहे तो शेजारच्या चार माळांचाच आहे, ते बघायला फार लांब जावं लागत नाही.

आम्ही माळाचे तीन तुकडे केले, दोन-दोन एकरांचे. कोणत्याही वर्षी दोन तुकडे गवताखाली, एक पिकाखाली. एक तुकडा चार वर्षं गवतात राहतो, मग मोडून दोन वर्षं पीक. पहिल्या वर्षी बाजरी, दुसऱ्या वर्षी हुलगा नाहीतर मटकी, आणि त्या हुलग्यातच पुन्हा गवताचं बी. हुलग्याचे राहुरीचे दोन वाण आहेत, एकाचं नाव माण, दुसऱ्याचं सीना. आपल्या नद्यांची नावं. पाणी नसलेल्या नद्यांच्या नावाचं पीक पाण्याशिवाय येतं, हे मला फार योग्य वाटतं. उताराची वरची कड मात्र आम्ही कधीच मोडत नाही, ती कायमची गवतात.

गवत कोणतं? अंजन आणि मारवेल ही दोन गवतं, आणि त्यांच्यात स्टायलो. अंजन उन्हाला, पाण्याच्या ताणाला चिवट, एकदा बुंधा धरला की पहिल्या सरीला फुटतं. मारवेल थोडी ओल असलेल्या खोलगट जागी. स्टायलो हे द्विदल, मूळ अमेरिका खंडातलं, त्याच्या मुळावर हरभऱ्यासारख्याच गाठी. वाळलेल्या गवतात प्रथिनं चार-पाच टक्के असतात, स्टायलोत बारा टक्क्यांच्या पुढं. म्हणजे गवतानं पोट भरतं आणि स्टायलोनं अंग धरतं. राहुरीचा फुले क्रांती हा स्टायलोचाच वाण.

याची पेरणी धान्यासारखी नसते. अंजनाचं बी केसाळ आणि हलकं, वाऱ्यावर उडतं. ते ओलसर मातीत कालवून टाकायचं, नुसतं वर, फार तर बोटाच्या पेराइतकं खाली. खोल पडलं की गेलं. स्टायलोच्या बियांचं कवच टणक. उकळलेलं पाणी थोडं निवू द्यायचं, त्यात बी चार-पाच मिनिटं ठेवायचं, मग सावलीत सुकवायचं. मी एकरी दोन किलो अंजन आणि चार किलो स्टायलो टाकतो. आणि सगळ्यात अवघड काम त्यापुढं आहे. पहिलं वर्ष त्यात जनावर सोडायचं नाही. कापून आणायचं, तेही फुलोऱ्यात आल्यावर, आणि थोडं बी पडू द्यायचं. शेजाऱ्यांच्या मेंढ्या, गावची मोकळी गुरं, आपलीच शेरडं, सगळ्यांपासून एक वर्ष राखायचं. आमच्या घरात ही राखण माझ्या पत्नीनं केली. गवत टिकलं ते बियाण्यामुळं जितकं, तितकंच तिच्या आवाजामुळं. हे ती इथं बसली आहे म्हणून म्हणत नाही.

चार वर्षांनी तो तुकडा मोडला की फरक हाताला लागतो. माती मुठीत धरली तर तिला मुळांची जाळी असते, पाऊस पडला तर पाणी गढूळ होऊन पळत नाही. त्यावरची पहिली बाजरी बघायला गावातली म्हातारी माणसं बांधावर येऊन उभी राहतात. आणि स्टायलोचं टणक बी मातीत पडून राहिलेलं असतं, ते दोन वर्षांनी पुन्हा आपसूक उगवतं.

ही चालरीत जगात दुसरीकडंही सापडली आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात माउंट बार्करजवळ एमॉस हॉवर्ड नावाच्या शेतकऱ्याला १८८९ साली एक क्लोव्हर दिसलं, जे आपलं बी स्वतःच जमिनीत पुरतं. पुढं कित्येक वर्षं तो लोकांना त्याचं महत्त्व सांगत राहिला. नंतर तिथं गहू आणि हे क्लोव्हर आळीपाळीनं, आणि क्लोव्हरवर मेंढ्या, अशी शेतीच उभी राहिली. गव्हाला नत्र, मेंढीला चारा. आपण ते जसंच्या तसं उचलू शकत नाही, कारण त्यांचा पाऊस हिवाळ्यात आणि रानं हजारो एकरांची. पण देवघेव दोन्हीकडून झाली आहे. तिकडच्या उष्ण भागात आज जे अंजन गवत पसरलं आहे, ते इकडून नेलेल्या उंटांच्या खोगिरांत भरून गेलं असं सांगतात. आपण ज्याच्याकडं बघत नाही, ते लोकांनी खोगिरातून उचललं.

आता जनावरं. गणिताच्या सरांनी त्रैराशिक शिकवलं ते मी आयुष्यात याच कामाला वापरलं. मोठं जनावर दिवसाला सात किलो सुका चारा खातं असं धरा. वर्षाला अडीच टन. सहा शेळ्या-मेंढ्या मिळून एका मोठ्या जनावराइतकं खातात. आमच्याकडं मोठी चार, त्यात खिलारची बैलजोडी, आणि शेळ्या-मेंढ्या पंधरा. म्हणजे साडेसहा तोंडं. वर्षाचा चारा साडेसोळा टन. बऱ्या वर्षी आमची चार एकर ज्वारी सात टन कडबा देते, बाजरीचं सरमाड दोन टन, तूर-हरभऱ्याचं भुसकट दीड, माळाचं गवत सहा, बांधाचं आणखी एखादा टन. झाले साडेसतरा. म्हणजे वर्षाला टनभर शिल्लक गंजीला. चांगल्या वर्षी तीन टन. या गणितात सोळावी मेंढी बसत नाही, म्हणून ती ठेवायची नाही. बोकड आणि नर कोकरं दिवाळीपर्यंत बाजारात जातात. जनावर किती पाळायचं ते गोठ्यात मोजून ठरत नाही, गंजीत मोजून ठरतं.

आणि फेब्रुवारीत सुगी झाली की धनगराचा कळप रानात बसवतो. आपल्या भागात हा व्यवहार किती जुना आहे ते तुम्हाला माहीत आहे. रात्री मेंढ्या रानात, सकाळी लेंड्या-मूत मातीत. धसकटांवरचा पाला मेंढीला, खत मला. जतकडच्या माडग्याळी मेंढ्यांचा एक कळप दरवर्षी येतो. मी त्यांना धान्य देतो, ते मला रान देतात. माळ सगळीकडं मोडले, गायरानं आकसली, तर हे कळप जाणार कुठं? ते गेले की माझं खतही गेलं. एकाचं सुटलं की दुसऱ्याचं सुटतं.

हे सगळं परीक्षेला कधी बसलं, तर २०१८ साली. उत्तरा कोरडी गेली, हस्तही कोरडा. ज्वारीची पेर झाली नाही म्हटली तरी चालेल. ऑक्टोबरात राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपला होता. पुढच्या उन्हाळ्यात छावण्या लागल्या. तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा गावाकडं चाऱ्यासाठी पैसे पाठवले, ते मला माहीत आहे, गाव ते विसरलेलं नाही. त्या वर्षी आमच्या काळीत ज्वारी हाताला लागली नाही. हरभरा बियाण्यापुरता झाला. पण मागच्या दोन वर्षांची गंजी होती, आणि माळावर अंजनाचे बुंधे वाळून का होईना उभे होते. बैलजोडी विकावी लागली. सहा मेंढ्याही विकल्या. पण गाय, कालवड आणि नऊ पाटी-मेंढ्या राहिल्या. पुढल्या वर्षी पाऊस आला तेव्हा आमच्या दावणीला बी होतं. ज्यांचा गोठा रिकामा झाला त्यांना तो भरायला कर्ज काढावं लागलं. श्रीमंत होण्याचा हा मार्ग नाही, हे मी स्पष्ट सांगतो. वाईट वर्षातून उरण्याचा आहे.

मला विचारतात, "आता टेंभूचं पाणी आलं, म्हैसाळचं पाणी आलं, मग हे कोरडवाहूचं पुराण कशाला?" पाणी आलं याचा मला आनंद आहे. ज्यांच्या रानात ते पोचलं त्यांच्या घरात मुलं शिकली, सुना आल्या. पण पाणी उताराखाली जातं, माळावर चढत नाही. चढलं तरी सगळ्यांना पुरत नाही. आपल्याकडं डाळिंबानं घरं बांधली, आणि तेल्यानं बागा काढायलाही लावल्या. बाग असणाऱ्यालाही शेणखत लागतं, आणि ते जनावराशिवाय येत नाही. तेव्हा माळ हा बागेचाही आधार आहे.

आता माझं मागणं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात वाटणीचा विषय निघाला. माझा धाकटा भाऊ पिंपरीला नोकरीला, मुलीच्या शिक्षणाला पैसा हवा. त्याचं मागणं रास्त होतं. पण कागदावर सोळाचे आठ-आठ झाले, आणि प्रत्येक तुकड्यातून रेघ मारली, तर तीन तुकड्यांची काळी सहा तुकड्यांची होते. एकेक एकराच्या तुकड्यात कुणी करडई करत नाही. आधी घरची भाकरी, म्हणून सगळीकडं ज्वारी. बेवड तिथंच संपतो. आणि माळाच्या तीन एकरांत गवत राखायला कुणाला परवडेल? महिनाभर घरात बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. आईनं मधे पडून विचारलं, "भाकरी वाटा, पण चूल का फोडता?" शेवटी काळी आणि मध्यम रान वाटलं. माळ वाटला नाही. सातबाऱ्यावर तो सामाईक आहे, गवत सामाईक, कोकरांच्या विक्रीतला ठरलेला वाटा दरवर्षी भावाला जातो, आणि काळीतली फेरपालट दोघांच्या तुकड्यांत मिळून एकत्र ठरते. ते सगळं कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. बहिणींनाही बसवून विचारलं. हे किती दिवस टिकेल? माझा मुलगा आणि पुतणी ठरवतील. आम्ही आमच्यापुरतं मोडू दिलं नाही.

तुमच्यातल्या बहुतेकांच्या घरी ही वाटणी झाली आहे, किंवा पुढच्या पाच-दहा वर्षांत होणार आहे. म्हणून पहिली विनंती ही. वाटण्या जरूर करा, पण माळ वाटू नका. बारा गुंठ्यांचा माळ कुणाच्याच कामाचा नाही. सहा एकरांचा माळ चार घरांच्या जनावरांचा आधार आहे.

दुसरी विनंती ज्यांचं रान वाट्यानं दिलेलं आहे त्यांना. तुम्ही ते दरवर्षी तोंडी एका वर्षासाठी देता. कुळकायद्याची भीती पोटात असते, ते मी समजू शकतो. पण ज्याला पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडं राहील की नाही ते माहीत नाही, तो त्यात खत का टाकेल? तूर का करेल? तो येईल ते ओरबाडून नेईल, आणि त्यात त्याचा दोष नाही. आपल्या तुकडीत दोन वकील बसले आहेत. मालकाचा हक्कही राहील आणि कसणाऱ्याला सहा वर्षांचा भरवसाही मिळेल, असा एक साधा करार त्यांनी कायद्यात बसवून लिहून द्यावा. आजच्या जेवणाच्या पंगतीत त्याची सुरुवात व्हावी. आणि ज्यांचं रान पडीक आहे, वेड्या बाभळीनं भरलंय, त्यांनी निदान ते नांगरायला देऊ नये. गवताला द्यावं.

तिसरी विनंती शाळेला. मैदानामागं शाळेचा माळ आहे. आपण तिथं पतंग उडवले. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर त्यातल्या दोन एकरांवर अंजन आणि स्टायलोचं बीजोत्पादन करू. पहिलं बी मी देतो, राखण आमच्या घरची. या भागात गवताचं खात्रीचं बी वेळेवर मिळत नाही, ही सगळ्यांची अडचण आहे. आठवी-नववीच्या मुलांनी ते कापावं, झाडावं, मोजावं. बी विकून येणारा पैसा शाळेच्या वाचनालयाला जाईल. आणि ज्या मुलांना पुढं शेती करायची आहे, त्यांना "दुसरं काही जमलं नाही म्हणून शेती" असं कुणी म्हणणार नाही, कारण त्यांनी ती शाळेतच शिकलेली असेल.

सर, बाई, तुम्ही शिकवलेलं त्रैराशिक, पर्जन्यछाया आणि मुळांवरच्या गाठी, तिन्ही गोष्टी माझ्या रानात रोज कामाला येतात. इथं जमलेल्या सगळ्यांना सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या माळावर यायचं आमंत्रण आहे. तेव्हा अंजन फुलोऱ्यात असतं. येताना आपापल्या रानाचा सातबारा आणि वकिलांनी लिहिलेला कराराचा मसुदा बरोबर आणा. पहार माझ्याकडं आहे. तुमच्या रानाची खोली आपण मिळून बघू.

पंगत वाढली आहे, तेव्हा एवढं बोलून माझे शब्द थांबवतो.